पऱ्हाटीची भुकटी आणि रेशमाचं रंगपाणी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाचे विषय वाटले जातात तेव्हा रसायनशास्त्र विभागात एक विषय हमखास येतो: शेतीतल्या टाकाऊ मालावर प्रक्रिया करून पाण्यातला रंग काढणे. कुणी शेंगांची टरफलं घेतं, कुणी उसाचं चिपाड, कुणी मक्याची बुरकुंडं, कुणी केळीच्या साली. पाण्यात मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग विरघळवायचा, भुकटी टाकायची, हलवायचं, गाळायचं. निळं पाणी पांढरं होतं, फोटो छान येतो, तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षकही खूश होतात. मीही हाच विषय घेतला. माल घेतला पऱ्हाटीचा, म्हणजे वेचणीनंतर उरणाऱ्या कापसाच्या वाळक्या झाडाचा, कारण आमच्या अंबड तालुक्यात तो विकत घ्यावा लागत नाही.

जालना जिल्ह्यात कापूस किती लावतात हे वेगळं सांगायला नको. पूर्वी फरदड घ्यायचे, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक पाणी देऊन ठेवायचं आणि आणखी थोडा कापूस काढायचा. गुलाबी बोंडअळी आली आणि कृषी खात्यानं फरदड नको म्हणून सांगायला सुरुवात केली, कारण अळी त्याच झाडांवर आणि बोंडांत पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. त्यामुळे वेचणी आटोपली की पऱ्हाट्या चिमट्यानं उपटायच्या आणि बांधावर ढीग लावायचा. काही चुलीला जातात, काही रोटाव्हेटरखाली, उरलेल्या पेटवून देतात. आबांना सांगितलं की मला पोतंभर पऱ्हाट्या कॉलेजात न्यायच्यात, तर म्हणाले, "पोतंभर काय, ट्रॉलीभर ने की. पन त्याचं करायलीस काय?" रंग काढणार म्हटल्यावर ते हसले. पऱ्हाटीनं हात काळे होतात, रंग कुठं जातो, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं, हे पुढं कळलं.

पहिली अडचण दळायची. वाळलेली पऱ्हाटी लाकडासारखी असते. कडबाकुट्टीतून काढली की बोटाएवढे तुकडे होतात, पण पुढं पीठ व्हायला पाहिजे. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्यानं पोतं बघूनच हात जोडले. शेवटी मसाला कांडपवाल्याला तयार केलं, तेही मिरचीचा हंगाम संपल्यावर आणि जातं धुऊन देण्याच्या बोलीवर. तिथं एक गंमत झाली. आतल्या लाकडाचं पीठ झालं, पण वरच्या सालीचं होईना. पऱ्हाटीच्या सालीत अंबाडीसारखे लांब तंतू असतात. ते दळले जात नाहीत, पिंजले जातात आणि चाळणीवर भुऱ्या केसांचे गुंते होऊन बसतात. मग साल आधी सोलून वेगळी केली आणि फक्त लाकूड दळलं. साठ नंबरच्या चाळणीतून, म्हणजे पाव मिलिमीटरच्या भोकांतून जे पडलं तेवढंच घेतलं. कणांचा आकार सारखा नसेल तर दोन प्रयोगांची तुलनाच होत नाही. तोंडाला फडकं बांधूनही दोन दिवस खोकला होता, तेव्हा कुणी करणार असेल तर साधा रुमाल नको, मास्क घ्या.

हे पीठ तसंच पाण्यात टाकलं तर पाणी स्वच्छ व्हायच्या ऐवजी चहासारखं होतं. झाडातले टॅनिन आणि बाकीचे विरघळणारे पदार्थ बाहेर पडतात. म्हणून 'प्रक्रिया'. आधी गरम पाण्यानं धुणं, मग कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण, लिटरला चार ग्रॅम, त्यात काही तास ढवळत ठेवणं. द्रावण गडद तपकिरी होतं, वास ओल्या गोणपाटासारखा येतो आणि बोटांना साबणासारखा बुळबुळीतपणा लागतो. कॉस्टिकनं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज या लाकडाला बांधून ठेवणाऱ्या पदार्थांचा काही भाग सुटतो, लाकडाची वीण सैल होते आणि आत बांधलेले एस्टर तुटून कार्बॉक्सिल गट मोकळे होतात. या कार्बॉक्सिल गटांवर ऋण भार असतो. सगळा खेळ पुढं या भारावरच चालतो.

त्यानंतरचं धुणं मात्र कुठल्याच प्रबंधात नीट लिहिलेलं सापडत नाही. 'पीएच उदासीन होईपर्यंत धुतले' एवढं एक वाक्य असतं. (पीएच म्हणजे आम्लपणा सांगणारा आकडा; सातला उदासीन, त्याखाली आम्ल.) त्या एका वाक्यात किती बादल्या जातात हे मराठवाड्यात एप्रिलमध्ये करून बघावं. कॉलेजच्या टाकीत टँकरचं पाणी, आणि मी पाणी शुद्ध करायच्या भुकटीला पाणी पाजत बसलेली. आमचे लॅब असिस्टंट काका रोज विचारायचे, "ताई, झाली का तुमची अंघोळ?" मग माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एक साधा उपाय सांगितला. शेवटच्या धुण्याच्या आधी थोडं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून उरलेला सोडा मारायचा आणि नंतर दोन-तीन पाण्यांत काम संपवायचं. पाणी बरंच वाचलं. तपकिरी पाणीही आम्लानं उदासीन करून मगच सोडलं, कारण रंग काढायला निघून कॉस्टिकचं पाणी नालीत सोडायचं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्यासारखं नाही, उलटंच झालं असतं.

मग आला मिथिलीन ब्लूचा दिवस. लिटरला ५० मिलिग्रॅमचं द्रावण केलं, त्यातलं ५० मिलिलिटर फ्लास्कमध्ये घेतलं, दशांश ग्रॅम भुकटी टाकली आणि फ्लास्क शेकरवर, म्हणजे हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर लावले. पहिल्या पाच मिनिटांतच निळेपणा उतरायला लागतो, डोळ्यांना दिसतो. अर्ध्या-पाऊण तासानंतर फारसा फरक पडत नाही. पाणी कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं हे सांगणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ नॅनोमीटरला मोजलं तेव्हा नव्वद टक्क्यांच्या आसपास रंग गेलेला. हिशोब सोपा आहे: लिटरला ५० मिलिग्रॅमचे ५ उरले, म्हणजे ५० मिलिलिटरमधून सव्वादोन मिलिग्रॅम रंग दशांश ग्रॅमवर बसला, म्हणजे ग्रॅमला साडेबावीस मिलिग्रॅम. टक्क्यांवर कुणी भाळू नये. भुकटी दुप्पट टाकली की टक्के वाढतात आणि ग्रॅममागं बसणारा रंग घटतो. किती टाकली हे न सांगता नुसते '९८ टक्के' छापणाऱ्यांचा मला आता राग येतो.

इथं एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली. फ्लास्कमधलं पाणी मी फिल्टर पेपरमधून गाळत होते. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "भुकटी न घालता नुसतं निळं पाणी याच पेपरातून गाळ." गाळलं. खाली आलेलं पाणी वरच्यापेक्षा फिकं, आणि पेपरावर निळा डाग, पाण्यानं धुऊनही न जाणारा. फिल्टर पेपर म्हणजे लाकडात असतं तेच सेल्युलोज. तोही रंग धरतो. मोजायचं पाणी ज्यात ठेवतात ती काचेची क्युवेटसुद्धा धरते, नंतर स्पिरिटनं पुसावी लागते. तेव्हापासून गाळणं बंद, गरगर फिरवून भुकटी तळाला बसवणारं सेंट्रिफ्यूज सुरू, आणि प्रत्येक वेळी भुकटीशिवायचा एक कोरा फ्लास्क सोबत.

भुकटी किती रंग धरते आणि किती वेगानं, हे मांडणारं लँगम्युअरचं समीकरण, फ्रॉइंडलिखचं समीकरण, वेगाचा दुसऱ्या कोटीचा आलेख हे सगळं केलं. सरळ रेषा आल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ते कुठल्याही प्रबंधात मिळेल आणि सगळ्यांच्या रेषा सरळच येतात.

प्रकल्प इथं संपला असता. पण मॅडमनी वही मिटवली आणि विचारलं, "हा रंग कोण वापरतं गं?" मिथिलीन ब्लू १८७६ मध्ये हाइनरिक कारोनं तयार केला. सूक्ष्मदर्शकाखालचे जिवाणू रंगवायला तो लागतो, मेटहिमोग्लोबिनेमिया या रक्ताच्या विकारावर औषध म्हणून लागतो, आणि आमच्यासारख्यांच्या प्रकल्पांना लागतो. साडीला तो कुणी लावत असेल असं मला वाटत नाही. त्यावर धन भार आहे, आमच्या भुकटीवर ऋण. दोघं एकमेकांना चिकटणारच. सोप्या मुलीशी लग्न लावून देण्यासारखं ते, असं मॅडम म्हणाल्या, आणि पैठणला जाऊन ये म्हणाल्या.

पैठणला पैठणी विणतात हे जगाला माहीत आहे, पण विणायच्या आधी रेशीम रंगवावं लागतं याचा विचार कमी जण करतात. ओळखीच्या ओळखीतून एका रंगाऱ्याच्या शेडमध्ये गेले. मामा साठीच्या पुढचे. स्टीलच्या टाकीत पाणी जवळपास उकळीला आलेलं, दांडीवर रेशमाच्या लड्या टांगलेल्या, आणि ते त्या हातानं फिरवत होते. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. तो आधी साबण-सोड्यात उकळून काढतात, मग रंग. रंग आम्ल गटातले, ॲसिड डाय म्हणतात ते. सोबत ॲसेटिक आम्ल आणि रंग सारखा बसावा म्हणून ग्लॉबर मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट. राणी, वांगी, मोरपंखी, पोपटी. टाकीतला रंग रेशीम बऱ्यापैकी पिऊन घेतं, पण लडी धुतली की राणी रंगाचं पाणी निघतंच, आणि ते शेडमागच्या खड्ड्यात जातं.

मी बाटल्या भरायला लागले तर मामा म्हणाले, "हे पानी नेऊन काय करतेस बाई? प्यायचं थोडंच हाय." प्रकल्पाचं सांगितलं. त्यांच्या सूनबाईनं आतून विचारलं, निवळीची बी उगाळून टाकली तर बसेल का रंग? प्रश्न चांगला होता. निवळी गढूळपणा बसवते, म्हणजे पाण्यात तरंगणारे मातीचे कण एकत्र करून तळाला नेते. रंग तरंगत नाही, तो विरघळलेला असतो, मिठासारखा. त्याला धरून ठेवायला जागा लागते, नुसता खाली बसवून भागत नाही. निघताना मामांकडून त्याच रंगाची चिमूटभर पूड मागून घेतली. पाण्यात किती रंग आहे हे मोजायला त्याच रंगाची प्रमाणरेषा, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांच्या द्रावणांचा आलेख, काढावी लागते. बाजारातल्या पुडीत शुद्ध रंग किती आणि भरीचं मीठ किती हे डब्यावर नसतं, म्हणून पुढचे माझे सगळे आकडे 'पुडीचे मिलिग्रॅम' आहेत.

प्रयोगशाळेत तीच भुकटी, तेच वजन, तोच शेकर. राणी रंग जागचा हलला नाही. उलट मशीनवर रंग 'वाढलेला' दिसला. कारण आबा म्हणाले होते तेच. पऱ्हाटीचा उरलासुरला तपकिरीपणा सुटत होता, आणि तो ५३० नॅनोमीटरच्या आसपास, जिथं मी राणी रंग मोजत होते, तिथंही थोडा प्रकाश शोषतो. मिथिलीन ब्लूच्या वेळी ६६४ ला त्याची बाधा जवळजवळ नव्हती, म्हणून तो लपून राहिला होता. आणि मूळ कारण भाराचं. ॲसिड डायच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे ऋण भार. माझ्या भुकटीवरही ऋण. दोन्ही सारखे, जवळ येतील कसे?

मग पीएचचा अभ्यास सुरू झाला. वेगवेगळ्या पीएचच्या मिठाच्या पाण्यात भुकटी रात्रभर ठेवायची आणि सकाळी पीएच किती बदलला ते बघायचं. जिथं बदल शून्य, त्या ठिकाणी पृष्ठभागावरचा एकूण भार शून्य. आमच्या भुकटीचा हा बिंदू साडेसहाच्या आसपास आला. त्याच्या वर ऋण, खाली धन. म्हणजे पाणी आम्लधर्मी केलं तर ॲसिड डाय बसायला हवा. मामांचं पाणी आधीच पाचच्या आसपास होतं, तरी ढिम्म. तीनच्या खाली नेलं तेव्हा थोडा रंग उतरला. पण एवढं आम्ल घालायचं आणि नंतर चुन्यानं मारायचं, तर रंगाऱ्याच्या शेडमध्ये हे कोण करणार? आणि कशासाठी?

याच टप्प्यावर आमच्या वर्गातली एक मैत्रीण आनंदात होती. तिच्याकडे काँगो रेड नावाचा रंग होता आणि पीएच दोनला तिचा रंग 'पूर्ण गेला' असा आकडा येत होता. काँगो रेड स्वतः दर्शक आहे. पीएच पाचच्या वर तो लाल, तीनच्या खाली निळा. तिनं लाल रंगाच्या तरंगलांबीवर मोजलं आणि लाल नव्हताच. फ्लास्क उजेडात धरला तर निळा गाळ तळाशी. छापलेल्या काही आकड्यांमागेही असंच असेल का, असा संशय तेव्हापासून माझ्या मनात आहे.

शेवटी मार्ग सापडला तो जाळण्याचा, पण बंद भांड्यात. सोललेल्या पऱ्हाटीचं पीठ फॉस्फोरिक आम्लात, वजनाला साधारण दीडपट, रात्रभर भिजवलं. झाकणाच्या क्रूसिबलमध्ये, म्हणजे तापवायच्या छोट्या भांड्यात घालून विजेच्या मफल भट्टीत साडेचारशे ते पाचशे अंशांवर तासभर ठेवलं. फॉस्फोरिक आम्ल लाकडाचं पाणी ओढून घेतं आणि जळून राख होऊ न देता आतली छिद्रं उघडी ठेवतं. अशा कोळशाचं पृष्ठफळ ग्रॅमला शेकडो चौरस मीटर भरतं. लाइट गेली की भट्टी थंड, पुन्हा पहिल्यापासून तापवायची. त्या महिन्यात मी महावितरणचं वेळापत्रक अभ्यासक्रमापेक्षा जास्त पाठ केलं. बाहेर आलेला कोळसा काळाकुट्ट, हलका, आणि वजनाला निम्म्याहून कमी. पुन्हा धुणं, पण आता निघणाऱ्या पाण्यात तपकिरीपणा नाही.

या कोळशानं राणी रंग धरला. भार इथंही फारसा अनुकूल नव्हता, पण रंगाच्या रेणूतल्या बेंझिनच्या चपट्या कड्या कोळशाच्या चपट्या थरांना लागून बसतात, तिथं भाराचं एवढं चालत नाही. मामांच्या पहिल्या धुण्याचं पाणी डोळ्यांना जवळजवळ बिनरंगी झालं. दुसरी बाटली मात्र अर्धीच उतरली. ती साबणाच्या धुण्याची होती. साबणाचे रेणूही त्याच जागा अडवतात, आणि सेरिसिनसारखी प्रथिनं छिद्रांची तोंडं बुजवतात. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यावरून शेडमधल्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळं.

म्हणून पुन्हा पैठण. मामांना एकच विनंती केली: साबणाचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये, रंगाचं पहिलं धुणं वेगळ्या. त्यांना हे पटायला वेळ लागला नाही, नाहीतरी साबणाचं पाणी ते फरशी धुवायला वापरत होते. मग हिशोब मांडला. २०० लिटरचा ड्रम, त्यात लिटरला १०० मिलिग्रॅम रंग, म्हणजे ड्रममध्ये २० ग्रॅम. कोळशानं ग्रॅमला २० मिलिग्रॅम धरला तर एका ड्रमला एक किलो कोळसा. पऱ्हाटी दोन-अडीच किलो लागते. तेवढी तर आमच्या बांधाच्या एका कोपऱ्यात असते. महाग आहे ते फॉस्फोरिक आम्ल आणि भट्टीची वीज, पऱ्हाटी नाही. 'फुकटच्या कचऱ्यातून जलशुद्धी' असं लिहिणाऱ्यांनी आम्लाचं बिलही लावावं.

पाइपमध्ये कोळसा भरून पाणी सोडायचा प्रयत्न फसला. बारीक कण दाबले जाऊन पाणीच उतरेना, वरून भरलेला पाइप तासाभरानं तसाच. वाळू मिसळून बघितली, थोडं बरं झालं. शेवटी जुन्या मांजरपाटाची पिशवी शिवली, कोळसा तिच्यात भरून ड्रममध्ये बुडवली आणि अधूनमधून काठीनं ढवळलं. वेळ जास्त लागतो, रात्र घालवावी लागते, पण मामांकडे रात्र असतेच.

राहिला रंग भरलेला कोळसा. यावर आमच्यात खूप वाद झाला. कॉस्टिकनं धुऊन रंग सोडवता येतो, पण तो पुन्हा पाण्यातच येतो, फक्त कमी पाण्यात. शेणखतात टाका असं एकानं सुचवलं. मी नाही म्हटलं. रेशमाच्या काही गडद रंगांत क्रोमियम किंवा कोबाल्ट धातू बांधलेला असतो, आणि पुडीच्या डब्यावर तसं लिहिलेलं असेलच असं नाही. चुलीत घालायलाही त्याच कारणानं नको, धातू राखेत राहतो आणि राख आमच्याकडे भांडी घासायला जाते. सध्या तो वाळवून, पोत्यावर तारीख लिहून शेडच्या माळ्यावर ठेवलाय. धोकादायक कचरा उचलणारे लहान रंगाऱ्याकडून पाच-दहा किलोसाठी येत नाहीत. चार-सहा रंगाऱ्यांनी एकत्र साठवला तर येतील का, याची चौकशी मॅडम करतायत.

उतरलेलं पाणी पुन्हा वापरता येतं का, हे मामांनी स्वतःच करून बघितलं. कोळसा रंग धरतो, मीठ नाही. ग्लॉबर मीठ आणि आम्ल पाण्यात तसंच राहतं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा हलत नाही. वांगी आणि मोरपंखी लडीच्या पहिल्या धुण्याला त्यांना ते चाललं. मोतिया लडीला लावलं तर किंचित राखाडी झाक आली, कोळशाचा बारीक कण पिशवीतून सुटत असावा. आता पिशवी दुहेरी कापडाची शिवून दिलीय आणि मोतियाला ते पाणी वापरायचं नाही असं त्यांनी सूनबाईला बजावलंय.